मुठीखालच्या दोन रेघा

२ फेब्रुवारी

चि. भोवऱ्या,

तुझं पत्र पोचलं. चार पानांत तू मला सात वेळा 'वयाचा विचार कर' असं बजावलंयस. मी मोजलं, कारण मास्तरकी सुटली तरी चुका मोजायची खोड सुटत नाही. वय त्रेचाळीस आहे, विचार करून झाला, आता पुढचं ऐक.

शाळेतून मला काढलं तेव्हा मी एकच वस्तू उचलून आणली, भिंतीवरचा जगाचा नकाशा. तो फाटलेलाच होता, कोणी विचारलं नाही. हल्ली तो मारायच्या कामी येतो. संध्याकाळी पाच ते सात माझ्या दोन खोल्यांत तीस बायका जमतात. खालच्या शिंप्याच्या अंगावर छतातली माती पडते आणि तो रोज जिन्यात येऊन कुरकुरतो. आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या राहतो आणि मी नकाशाची गुंडाळी करून एकेकीच्या डोक्यावर, खांद्यावर हाणते. शिकायचं एकच आहे. हात वर करायचा नाही.

मारणाऱ्याला उलट मारायचं नाही, हे सगळ्यांना एका दिवसात कळतं. मार चुकवायलाही हात उचलायचा नाही, याला महिना लागतो. हात आपल्याला विचारत नाही, त्याचा तो उठतो. आणि उठलेला हात दुरून मारायला उठल्यासारखाच दिसतो. सरकारला तेवढं पुरतं. म्हणून मी युक्ती काढली आहे. प्रत्येकीने शेजारणीचं मनगट घट्ट धरायचं. एकीचा हात उठायला लागला की दुसरीने खाली ओढायचा.

सगळ्यांत कच्ची आहे ती टाचणी. सतरा वर्षांची आहे, पुस्तकबांधणीच्या दुकानात पानं शिवते, आणि अंगाने इतकी बारीक की नाव आपोआपच पडलं. नकाशा नुसता हलला तरी तिचे दोन्ही हात डोळ्यांवर. मी तिला माझ्या शेजारी उभी करते. तू लहानपणी आबांचा हात उठला की पळायचास, ही निदान जागची हलत नाही.

मुलींना पापा. त्यांच्या आईला सांग, नणंद वेडी झालेली नाही, फक्त बेकार झाली आहे.

तुझी ताई

•

११ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार घे आणि उपदेश जपून ठेव, पुढे लागेल.

सगळं वाचलं आणि पोरींच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यांना मार खायचा वर्ग काढायला कोणी सांगितलं, मार काय न शिकता खाता येत नाही? मी हसलो, आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

इकडे तीन महिने कातायचं यंत्र झाकून ठेवलं होतं. खाटेचे खूर कोणी करून घेत नाही, पाळण्याचे खांब नाहीत, काही नाही. आता मात्र काम आलंय. ज्याच्या जागेत माझं दुकान आहे त्या ठेकेदारानेच आणलं. सरकारी आहे, टेबलांचे पाय, दोनशे नग. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं असतं तर त्याने यंत्रासकट मला रस्त्यावर ठेवलं असतं, आणि तेही हसत हसत.

उरलेल्या ठोकळ्यांतून पोरींना दोन भोवरे कातून दिले. सवयीने आबांच्या दोन रेघा घातल्या. धाकटीने विचारलं, या कशाला? मी म्हटलं, तुझे आजोबा म्हणायचे, रेघा घातल्या की माल आपला, आणि तक्रार आली तर तीही आपलीच. तिला काही कळलं नाही. तिने भोवरा फिरवला तेव्हा त्या रेघा दिसेनाशा झाल्या, एवढंच तिला आवडलं.

एक विचारतो. शिपाई मारतात ते नेमकं कुठे मारतात? डोक्यावर की पायांवर? जोर लावून की नुसतं दाखवायला? आणि तुमचं ते कधी ठरलंय? सहज विचारतो. काळजी वाटते म्हणून.

तुझा भोवरा

•

१८ फेब्रुवारी

चि. भोवऱ्या,

दोनशे पाय म्हणजे पन्नास टेबलं. पन्नास साहेब एकदम कुठे बसणार आहेत, ते मला कळू दे. असो, तुझं यंत्र सुरू झालं याचा आनंद आहे.

शिपाई कुठे मारतात हे सहज विचारणारा माणूस मी प्रथमच पाहिला. जिथे सापडेल तिथे मारतात. जोर लावून.

दिवस लपवायचं कारणच नाही, आम्ही तो सरकारलाच कळवून आलो आहोत. सहा मार्च, सकाळी नऊ, कचेरीच्या पायऱ्या. बंदी घातलेलं पत्रक तिथे मोठ्याने वाचणार. मी स्वतः अर्ज लिहिला, फौजदाराने वाचला, शाई वाळेपर्यंत पाहत बसला आणि पोच दिली. शिंपी म्हणाला, चोर कधी आधी सांगून येतो का? मी म्हटलं, म्हणून तर आम्ही सांगतो. आमच्या सत्याग्रहाचा हा पहिला नियम आहे. ज्याच्याशी भांडायचं त्याला आधी कळवायचं, दिवस, वेळ, जागा. लपून केलं तर ते आमचं उरत नाही.

टाचणीने काल सलग तीन फटके हात न हलवता खाल्ले. नंतर पाठ फिरवून रडली. म्हणाली, मला दुखत नाही हो ताई, पण समोर काही आलं की डोळ्यांची भीती वाटते, माझं पोट डोळ्यांवर आहे. मी म्हटलं, मी शेजारी आहे ना.

तू येऊन बघून जा. समोरच्या फुटपाथवर उभा राहा, कोणी तुला सत्याग्रही म्हणणार नाही.

तुझी ताई

•

३ मार्च

ती. ताई,

हे पत्र वाच आणि वाचून झालं की जाळ. आधी शपथ घे, मग पुढे वाच.

ते टेबलांचे पाय नाहीत, दंडुके आहेत. पोलिसांचे, दीड हात लांब. दोनशे. तुमच्याच गावाला गेले. मी खोटं बोललो, कारण खरं लिहायला हात धजेना. ठेकेदाराने नमुना आणून ठेवला आणि मी तीन दिवस त्याच्याकडे बघत बसलो. माझ्या पोरी ज्या यंत्रावर जेवतात त्याच यंत्रावर त्यांच्या आत्याचं डोकं फोडायची वस्तू करायची. मग मला जे सुचलं ते ऐक, आणि आयुष्यात एकदा तरी म्हण की भोवऱ्याला अक्कल आहे.

वरचे दहा नग मी नमुन्यासारखे केले, कठीण लाकडाचे. तपासणीला तेवढेच उचलतात. बाकी एकशे नव्वद खोक्यांच्या लाकडाचे. ते इतकं हलकं असतं की नखाने खूण उमटते. लाकडाची नस मुद्दाम तिरकी ठेवली. मुठीत भोक पाडून शिसं ओतलं, म्हणजे हातात घेतल्यावर वजन बरोबर लागतं, पण टोकाला दम नाही. वर गडद रंग आणि तीन हात पॉलिश. पहिला फटका बसेल, दुसऱ्याला काडकन मोडेल. शिपाई मूठ घेऊन बघत राहील.

ताई, मी काही पत्रकं वाचणारा माणूस नाही. मला भीती वाटते, तुला ठाऊक आहे. पण हा माझा सत्याग्रह समज. मी हात वर न करता सरकारचे दोनशे हात मोडून ठेवलेत.

या आठवड्यात मला झोप छान लागते आहे. पत्र जाळ.

तुझा भोवरा

•

१९ मार्च

चि. भोवऱ्या,

परवा सुटले. अकरा दिवस ठेवून आम्हा एकोणीस जणींना सोडून दिलं. घरी आले तर तुझं पत्र दाराखालून आत सरकवलेलं होतं. शिंपी म्हणाला, सहा तारखेला दुपारी आलं. म्हणजे तीन तासांनी चुकलं.

तुझे दंडुके मोडले. अगदी तू म्हणालास तसेच, दुसऱ्या फटक्याला. शिपाई खरोखर मुठीकडे बघत राहिले. मी सुद्धा बघत राहिले, कपाळावरून रक्त गळत होतं तरी. पायरीवर माझ्या पायाशी एक तुकडा येऊन पडला आणि मुठीखाली दोन रेघा दिसल्या. एक जाड, एक बारीक. मला वाटलं, मार लागून भास होतोय, आबा आठवताहेत. तुझं पत्र वाचेपर्यंत मी तो भासच समजत होते.

तिरक्या नसेचं लाकूड मोडतं तेव्हा त्याचं टोक कसं होतं, हे कातारी असून तुला सुचलं नाही का रे? सुईसारखं होतं. शिपायाने मूठ फेकली नाही, तीच खाली आणली. टाचणीचा उजवा डोळा गेला. तिने हात वर केला नाही. ढलपी तिने स्वतःच ओढून काढली आणि ती हातात धरून पायरीवर बसली, कारण टाकायची कुठे ते तिला सुचेना.

आता पुढचं ऐक, ते याहून वाईट आहे. सरकार म्हणतं, पोलिसांचा दंडुका मोडत नाही. तो कठीण लाकडाचा असतो, नमुना कचेरीत आहे. पायऱ्यांवर मोडके तुकडे सापडले तेवीस. म्हणजे ते आमचे. म्हणजे आम्ही स्वस्तातल्या काठ्या घेऊन आलो आणि पोलिसांवर चालून गेलो. ज्या अकरा जणींच्या अंगाखाली किंवा हाताजवळ तुकडे सापडले त्यांच्यावर दंग्याचा खटला भरला आहे. टाचणी पहिली, तिच्या तर मुठीतच होता.

आणि आपली माणसं? वरून सत्याग्रह समितीची तार आली. तुमच्या गावाने शिस्त मोडली, अहिंसेला काळिमा फासला, सत्याग्रह स्थगित. दीड महिना मी नकाशाने बायकांना बडवलं ते एवढ्यासाठी की कोणालाही आमचा उठलेला हात दिसू नये. एकही उठला नाही. तरी आम्ही दंगेखोर ठरलो, तुझ्या दयेमुळे.

खटला आठ एप्रिलला आहे. ते तुकडे कोणाचे हे साऱ्या जगात एकच माणूस सांगू शकतो. ये आणि सांग.

ताई

•

२६ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. त्या पोरीचं ऐकून मी यंत्रापाशी बसलो आणि उठवेचना.

पण तू लिहितेस ते सगळंच मला कबूल नाही. कठीण लाकूड असतं तर तिचं डोकं फुटलं असतं, तुझं सुद्धा. डोळा गेला हे दिसतं, डोकं वाचलं हे कोणाला दिसत नाही. तू तरी ते बघायला हवं होतंस.

ठेकेदार येऊन गेला. त्याला सगळं समजलंय, त्याने उरलेले दंडुके चार दिवसांत परत आणवले आणि माझ्याच अंगणात त्यांची चूल पेटवली. आठवडाभर त्यावर पाणी तापलं आमच्या घरी. पोरींनी त्या पाण्याने आंघोळी केल्या. त्यांच्या जागी मी कठीण लाकडाचे नवे करून दिले. ओरडला नाही तो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, सरकारची फसवणूक म्हणजे सात वर्षं, तुझी आणि माझी दोघांची, आपण दोघं मुलाबाळांची माणसं आहोत. मग धाकटीच्या हातात खाऊ देऊन गेला.

दोन रेघांचं म्हणशील तर त्या कोणीही घालील. मी घालायला नको होत्या. घातल्या हे मला आठवतसुद्धा नाही. हात त्याचा तो गेला.

तू पत्र जाळलंस ना? एवढंच लिही.

भोवरा

•

१ एप्रिल

भोवऱ्या,

जाळलं नाही. आबांच्या हत्यारांच्या पेटीत, पटाश्यांच्या खालच्या फडक्यात आहे. तुला खोटं सांगू शकत नाही म्हणून सांगते.

ते मी कोणाला दाखवलेलं नाही. बाकीच्या जणींचे वकीलसाहेब रोज विचारतात, काही पुरावा आहे का ताई. मी म्हणते, बघू. आमच्यात कोणाकडून ओढून काही घ्यायचं नसतं, कबुली तर नाहीच. पत्र मी दिलं तर ती माझी चुगली होईल. तू येऊन बोललास तर ती तुझी साक्ष होईल. मला साक्ष हवी आहे. तुझ्यासाठीसुद्धा हवी आहे, पटलं तर बघ.

टाचणीला कोठडीत भेटले. डोळ्यावर पट्टी आहे आणि ती शिपायाकडून सुई-दोरा मागून घेऊन एका डोळ्याने ओवायचा प्रयत्न करते. सुई इथे दिसते आणि असते तिथे, असं म्हणाली. तिने वकील नाकारलाय. म्हणते, आपण बचाव करायचा नसतो असं तुम्हीच शिकवलंत. मी मान हलवली.

तुझी भीती मला कळते. आबा गेले तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि माझ्या पदराआड उभा होतास, अजून तिथेच उभा आहेस असं मला कधी कधी वाटतं. पण आता पदराबाहेर ये. आठ तारखेला साडेदहाला मी कोर्टाच्या पायऱ्यांवर असेन. तू एक वाक्य बोल, त्यानंतर तुझ्या बायको-मुलींना मी सांभाळीन. माझ्याकडे दोन खोल्या आहेत.

तुझी ताई

•

१४ एप्रिल

भोवऱ्या,

तू आलास.

ठेकेदाराबरोबर तुला येताना पाहिलं तेव्हाही मला वाटलं, त्याला फसवून आला असेल. नवा सदरा घातला होतास. माझ्याकडे पाहिलं नाहीस, त्याचाही मी चांगलाच अर्थ लावला. मास्तरणीला नापास होणारं मूल शेवटपर्यंत हुशारच वाटतं.

सरकारी वकिलाने नमुन्याचा दंडुका टेबलावर आपटला. टेबलाला खोक पडली, दंडुक्याला नाही. मग तुला विचारलं. तू शपथेवर सांगितलंस, "माझा सगळा माल नमुन्याबरहुकूम होता. हे तुकडे माझे नाहीत." मुठीखालच्या रेघा दाखवल्या तेव्हा तू तो तुकडा हातात घेऊन त्या जवळून नीट बघितल्यास. आणि म्हणालास, अशा रेघा कोणीही घालतं. माझ्या देखत, आबांच्या रेघांना.

तुझ्या साक्षीला पाव तास लागला. अकरा जणींना तीन तीन वर्षं झाली.

आता माझं ऐक. मी तुला सगळं खरं लिहिते असा टेंभा मिरवत आले आहे, पण एक गोष्ट लपवली. टाचणीने हात वर केला नाही असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. तिचा हात उठत होता. मोडकं टोक येताना तिला दिसलं आणि तिने सारी ताकद लावली. तिचं मनगट माझ्या हातात होतं. मी ते खाली ओढून धरलं. शिकवल्याप्रमाणे. ती एकदा 'ताई' म्हणाली, तरी सोडलं नाही. ते टोक तू केलंस आणि तिचा हात मी धरला. आपण दोघा भावंडांनी मिळून त्या पोरीचा डोळा काढला.

आणि कोर्टात पुन्हा तेच केलं. तू बोलत होतास तेव्हा पत्र माझ्या पिशवीत होतं. सकाळीच पेटीतून काढून आणलं होतं, तू डगमगलास तर तुला दाखवून धीर द्यावा म्हणून. नुसता हात वर केला असता तर मॅजिस्ट्रेटने विचारलं असतं, काय आहे बाई? पण हात उठला नाही. भाऊ होतास म्हणून. टाचणी पिंजऱ्यात उभी राहून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, ताई नियम पाळताहेत.

आता हे संपलं. वकीलसाहेबांनी अपील केलं आहे. ज्याच्याशी भांडायचं त्याला आधी कळवायचं, हा आमचा नियम तुला एकदा लिहिला होता. आज तुला कळवते. बावीस एप्रिल, सकाळी अकरा, वरच्या कोर्टात. तुझं पत्र मी स्वतः देणार. पुन्हा पेटीत जागच्या जागी ठेवलं आहे. त्यावर सात वर्षं असतील तर ती तुझी, आणि लपवल्याची शिक्षा असेल ती माझी. हे कळवण्यासाठी लिहिते आहे. परवानगी मागत नाही.

तुझी बहीण

•

२६ एप्रिल

भोवऱ्या,

सूचना तुला पोचली, हे कळलं.

एकवीस तारखेला सकाळी फौजदार आला. चार शिपाई जिन्यात उभे राहिले, शिंप्याने दुकान लावून घेतलं. झडती म्हणाला, पण ती झडती नव्हतीच. गादी उचलली नाही, कपाट उघडलं नाही, पुस्तकांना हात लावला नाही. सरळ आबांच्या पेटीकडे गेला. पटाश्या एकेक करून बाजूला काढल्या, फडकं उलगडलं, पत्र घेतलं. पटाश्या परत नीट ठेवल्यासुद्धा. पंचनाम्यात लिहिलं की काही सापडलं नाही.

फडक्याचं मी फक्त तुलाच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या कोर्टात मी हात वर केला. मॅजिस्ट्रेटपेक्षा मोठा साहेब होता, सभ्य होता, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाई, कागद कुठे आहे? अपील फेटाळलं.

समितीचे लोक म्हणतात, ताई, तुम्ही भोळ्या. आधी कळवलंत कशाला? शिंपीसुद्धा तेच म्हणाला. परक्या सरकारला आधी कळवून आम्ही कधी फसलो नाही. घरच्या माणसाला कळवलं आणि फसलो. तुझा राग येतो. रोज येतो, उठल्या उठल्या येतो, आणि तो घेऊन मला अहिंसा शिकवायची आहे.

कारण वर्ग मी पुन्हा सुरू केला आहे. समितीने नाही म्हटलं तरी. तीस जणींच्या जागी सहा आल्या, त्यांत टाचणीची आई आहे. माझ्याशी बोलत नाही ती, पण माझ्या शेजारी उभी राहते आणि मनगट पुढे करते. वीस जून, सकाळी नऊ, त्याच पायऱ्या. फौजदाराला लेखी कळवलं, पोच आली. तुलाही कळवते. सवय.

या पत्राला उत्तर नको.

•

९ जून

ती. ताई,

उत्तर नको म्हणालीस. सहा आठवडे तुझं ऐकलं.

मी पोलिसांना सांगितलं नाही, असं लिहायला बसलो होतो. तीन पानं लिहिली आणि फाडली. बावीस तारखेची सूचना देणारं तुझं पत्र आलं तेव्हा ठेकेदार समोरच्या बाकावर बसला होता. त्याने विचारलं, बहिणीचं का? मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने हिसकावलं नाही ताई. मागितलंही नाही. माझा हात पुढे झाला. आणि कुठे ठेवते ती, असं त्याने विचारलं तेव्हा मला वाटलं, मी नाही सांगितलं तरी हे शोधतीलच, मग तुझं घर विस्कटतील. तुझं घर विस्कटू नये म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला समजावत आलो. दंडुके तुझ्यासाठीच हलके केले, तेव्हाही असंच समजावलं होतं.

यंत्र जोरात चालू आहे. पोरींना नवे कपडे झाले. त्यांची आई माझ्याशी कामापुरतं बोलते. परवा धाकटीचा भोवरा हरवला, दुसरा करून दिला. ती म्हणाली, बाबा, याला रेघा नाहीत. मी म्हटलं, राहून गेल्या. राहून गेल्या नव्हत्या. एप्रिलपासून मी कशालाच घालत नाही.

हे पत्र वाटल्यास फौजदाराला दे, वाटल्यास पेटीत ठेव. जाळ म्हणत नाही. पण एवढं वाच.

नवीन काम आलंय. चारशे नग, तुमच्याच गावाला, वीस जूनच्या आत पोचायचे आहेत. या खेपेला ठेकेदाराने लाकूड स्वतः आणून दिलं, ओंडके मोजून, आणि दिवसभर माझ्या शेजारी बसून असतो. प्रत्येक नग दगडावर आपटून घेतो. मी कितीही हात जड ठेवला, पटाशी कितीही चुकवली, तरी माल चांगलाच होतोय. आबा असते तर म्हणाले असते, आता कुठे तुझा हात बसला.

यातला एकही मोडणार नाही. मी आपटून बघितलेत. तुझ्या त्या सहा जणींना सांग, त्या पोरीच्या आईला सांग, कोणाचंही मनगट धरू नका म्हणावं.

ताई, या खेपेला हात वर कर.